बेंगळुरूच्या दिवाणखान्यातला समुद्र

वेंगुर्ल्याहून निघालं आणि आंबोलीचा घाट चढला, की समुद्र मागे राहतो. पुढे बेळगाव, मग रात्रभराचा प्रवास आणि उजाडता उजाडता बेंगळुरू. शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे. इकडे मंगळुरू, तिकडे चेन्नई. दोन्ही किनारे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून लेकीच्या फ्लॅटमध्ये शिरल्याशिरल्या समोर समुद्र दिसेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

समुद्र छोटासाच होता. काचेची टाकी, त्यात साधारण ५० लिटर खारं पाणी, थोडी वाळू, काही दगड, दोन-तीन शंखगोगलगाई आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश. ते माझ्या दहा वर्षांच्या नातीचे. जावयांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘आई, मासे हॅचरीत वाढवलेले आहेत. समुद्रातून काही उचलून आणलेलं नाही.’’ ते बरंच झालं. आपल्याकडे दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. हौस कितीही असली, तरी ते घरात आणायचे नाहीत.

मीठ उडत नाही

मार्च महिना होता. बेंगळुरूची हवा थंड म्हणून आपण तिचं कौतुक करतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये ती कोरडीही असते. दोऱ्यांवरचे कपडे तासाभरात वाळतात. टाकीतलं पाणीही तसंच उडतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पाणी काचेवरच्या खुणेखाली उतरलेलं. मी कोकणातली बाई. खाऱ्या पाण्यातले मासे, म्हणजे खारं पाणीच घालायचं, असं समजून तांब्यात मीठ कालवायला निघाले.

‘‘आजी, थांब! मीठ नको. साधं पाणी घालायचं.’’

‘‘अगं, पण पाणी खारं आहे ना?’’

‘‘आहे ना! पण पाणी उडून गेलं, मीठ गेलंच नाही.’’

मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि स्वतःवरच हसले. आमच्या तालुक्यातलं शिरोडं मिठागरांसाठी प्रसिद्ध. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. लहानपणापासून पाहिलंय, वाफ्यात समुद्राचं पाणी घेतात, ऊन पाणी नेतं आणि मीठ मागे राहतं. जे मिठागरात हवं असतं, तेच या टाकीत नको होतं.

नातीने वहीत गणित मांडून दाखवलं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. ५० लिटरमध्ये १७५० ग्रॅम. रोज एक लिटर पाणी उडालं, तर दहा दिवसांनी ४० लिटर उरेल, मीठ मात्र तेवढंच. म्हणजे लिटरमागे जवळजवळ ४४ ग्रॅम! आणि माझ्यासारखं कुणी रोज खारं पाणीच घालत राहिलं, तर दहा दिवसांत ३५० ग्रॅम मीठ वाढून लिटरमागे ४२ ग्रॅम होईल. टाकी भरलेली दिसेल आणि माशांचा जीव आतल्या आत कासावीस होईल. मोठ्या टाकीत हा बदल सावकाश होतो, छोट्या टाकीला तेवढी उसंत नसते.

रस्त्यापलीकडे समुद्र, शंभर किलोमीटरवर नदी

रविवारी आम्ही कब्बन पार्कला गेलो. त्याच्या कडेला, कस्तुरबा रोडवर सरकारी मत्स्यालयाची इमारत आहे. हे मत्स्यालय १९८३ साली सुरू झालं. मला मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय आठवलं. ते १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, अगदी समुद्रासमोर. तिथे खारं पाणी रस्त्यापलीकडे. इथे बेंगळुरूत ते बादलीतल्या पुडीतून येतं. खास सागरी टाक्यांसाठी मिळणारं मीठ शुद्ध पाण्यात विरघळवायचं आणि समुद्र घरी तयार करायचा.

पण शुद्ध पाणी तरी इथे सोपं कुठे आहे? बेंगळुरूच्या नळाला येणारं कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, तोरेकाडनहळ्ळीहून, टप्प्याटप्प्याने पंप करत सुमारे ५०० मीटर वर चढवावं लागतं. जिथे ते पोहोचत नाही किंवा पुरत नाही, तिथे बोअरवेल आणि टँकर. २०२४च्या मार्चमध्ये टंचाई इतकी वाढली, की पिण्याचं पाणी गाड्या धुवायला किंवा बागेला वापरल्यास ५,००० रुपये दंड लावण्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला.

बोअरचं पाणी जड, नळाच्या पाण्यात क्लोरीन. दोन्ही टाकीत थेट चालत नाहीत. उडालेल्या पाण्याबरोबर क्षार जात नाहीत, मग भरतीच्या पाण्यातले क्षार रोज साचत जातात आणि शेवाळ माजतं. म्हणून आरओचंच पाणी घालायचं. आरओमधून बाहेर पडणारं पाणी लेक बादलीत साठवते आणि फरशी त्यानेच पुसते. या शहरात पाण्याचा एकही तांब्या फुकट नसतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

कूलरची युक्ती

मे महिन्यात सगळे वेंगुर्ल्याला येणार होते, दहा दिवस. नातीचा चेहरा मात्र पडलेला. ‘‘मग पाणी कोण घालणार?’’ शेजारच्या काकू मासे पाहून जायला तयार होत्या. पण रोज मोजून पाणी घालायचं, तेही अगदी खुणेपर्यंत, ही जोखीम कुणावर टाकायची?

जावयांनी उपाय काढला. तुम्ही कूलर वापरत असाल किंवा गच्चीवरची टाकी पाहिली असेल, तर तो तुम्हाला माहीत आहे. पाणी खाली गेलं की तरंगणारा गोळा खाली येतो आणि पाणी सुरू होतं. पाणी वर आलं की गोळा वर जातो आणि पाणी बंद. टाकीत गोळ्याऐवजी बोटाएवढा फ्लोट स्विच लावायचा. पाणी उतरलं की तो खालच्या कॅनमधला छोटा पंप चालू करतो आणि खुणेपर्यंत आलं की बंद करतो. दिवसाला एक लिटर एकदम नाही, तर घोटाघोटाने. माशांना बदल जाणवतही नाही.

आठवडाभर छान चाललं. एका सकाळी उठले, तर टाकी काठोकाठ भरलेली, टेबल ओलं आणि खालचा कॅन कोरडा! एक गोगलगाय फ्लोटवर चढून बसली होती. तिच्या वजनाने फ्लोट वर येईना आणि पंप थांबेना. नात रडवेली झाली. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या नळीवर पाण्याचा थेंब ठेवून उजेडाकडे पाहिलं, की क्षार समजतात. आकडा ३२ च्या आसपास आला. कॅन पाच लिटरचाच होता, म्हणून वाचलो. वीस लिटरचा असता, तर रात्रीत समुद्राची नदी झाली असती.

त्या दिवशी जावई आणि नात यांनी सगळं नव्याने बसवलं. घरी कुणी असा प्रयोग करणार असेल, तर त्यांच्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

• पहिल्या फ्लोटच्या थोडा वर दुसरा फ्लोट. पहिला अडकला, तर दुसरा पंप बंद करतो.

• फ्लोटभोवती छिद्रांची जाळी, म्हणजे गोगलगाय चढत नाही.

• कॅन टाकीपेक्षा खाली आणि नळीचं तोंड पाण्याच्या वर, हवेत. नळी पाण्यात बुडाली, तर सायफन होऊन टाकीतलंच पाणी कॅनमध्ये उतरतं. कॅन उंचावर ठेवला, तर पंप बंद असतानाही पाणी वाहत राहतं.

• आरओची नळी थेट टाकीला जोडायची नाही. कॅनमध्ये मोजकंच पाणी, म्हणजे चूक झाली तरी मोजकीच.

दहा दिवसांचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये मावणार नव्हतं. तेव्हा ठरलं, कॅन लहानच ठेवायचा आणि काकूंनी दर तीन दिवसांनी आरओचं पाणी त्यात भरायचं. निघण्यापूर्वी पंधरा दिवस घरी असतानाच ही व्यवस्था चालवून पाहिली. नात रोज वहीत दोन आकडे लिहायची: कॅनमधलं किती पाणी गेलं आणि क्षार किती. मोटर होती, तरी वही बंद झाली नाही.

ओहोटीच्या वेळी

मे महिन्यात सगळे आले. नातीच्या पिशवीत खेळण्यांऐवजी रिफ्रॅक्टोमीटर. सकाळी ओहोटीला आम्ही खडकांवर गेलो. खडकाच्या वरच्या अंगाला, लाटा क्वचितच पोहोचतात अशा जागी, पाण्याची डबकी राहिली होती. ऊन चढत होतं. एकात दोन चिमुकले मासे आणि एक खेकडा. नातीने थेंब घेतला, नळी डोळ्याला लावली.

‘‘आजी, ४१!’’

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘यांना साधं पाणी घालू या?’’

‘‘नको गं,’’ मी म्हटलं. ‘‘यांची सोय झालेली आहे. बस इथे थोडा वेळ.’’

आम्ही वरच्या खडकावर बसलो. तेवढ्यात बेंगळुरूहून काकूंचा फोटो आला. पाणी बरोबर खुणेवर, दोन्ही क्लाउनफिश काचेशी. नातीने तो तीनदा मोठा करून पाहिला आणि फोन खिशात ठेवला. दुपारी भरतीचं पाणी खडकांवर चढू लागलं. पहिली लाट डबक्यात शिरली, दुसरीने ते काठोकाठ भरलं आणि खेकडा हलला.