शंभर घोड्यांचं काय करायचं?

घरात जुनी गाडी असली की दर दोन-तीन वर्षांनी एक बैठक बसतेच: दुरुस्त करायची की बदलायची? आमच्याकडे ही बैठक 2025 च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि गणपती आले तरी उठली नव्हती. गाडी होती 2002 सालची फियाट पॅलिओ, 1.6 लिटरची.

आपल्या मंडळातल्या तरुण मुलांनी हे नाव ऐकलंही नसेल, म्हणून थोडं सांगते. पॅलिओ भारतात 2001 मध्ये आली. बाहेरून चारचौघींसारखी हॅचबॅक, पण 1.6 च्या इंजिनाची ताकद होती 100 अश्वशक्ती. तेव्हा रस्त्यावर सगळीकडे दिसणाऱ्या मारुती 800 ची होती 37. दारात दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार ठेवणं ज्यांना स्वप्नातही परवडणार नव्हतं, त्यांच्यासाठी हीच स्पोर्ट्स कार.

माझे सासरे, आमचे बाबा, बँकेतून निवृत्त झाले आणि दसऱ्याला ही गाडी घेऊन आले. लोकांनी विचारलं, या वयात शंभर घोडे कशाला? बाबांचं उत्तर एकच, "सचिनची गाडी आहे." जाहिरातीत तेंडुलकर होता, त्याच्या नावाने एस-10 ही मर्यादित आवृत्तीही निघाली होती. आमची साधीच होती, पण बाबांच्या लेखी फरक नव्हता. पुण्याला जाताना सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट आला की ते गिअर खाली टाकून एकामागून एक ट्रक मागे टाकत, आणि आई मागच्या सीटवरून म्हणत, "अहो, बँकेला उशीर होत नाहीये आता."

मी 2004 मध्ये या घरात आले. मला गाडी चालवायला बाबांनीच शिकवलं, दशहरा मैदानावर, सकाळी साडेसहाला. 2019 मध्ये बाबा गेले. तेव्हापासून गाडी मीच चालवत होते. म्हणून हा प्रश्न घरात सगळ्यांचा असला तरी त्याचं ओझं माझ्यावर जरा जास्त होतं.

मार्चमध्ये आगर रोडवरच्या आमच्या उस्तादांनी गाडी वर उचलून खालून पाहिली आणि यादी केली. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच, रेडिएटर, सस्पेन्शनचे बुश, आणि पायाखालच्या पत्र्याला लागलेला गंज. एकूण एक लाख दहा हजार. "और दीदी, पार्ट ढूँढने का टाइम अलग," ते म्हणाले. वय झालेल्या गाडीत हे सगळं येणारच. बेल्ट तर टाळण्यासारखा नाहीच. तो रबराचा असतो, गाडी उभी राहिली तरी वर्षांनी म्हातारा होतो आणि चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. मग खर्च इंजिनाचा.

आता हिशोब. बाजारात गाडीचे साठ हजार येतील असं दोघातिघांनी सांगितलं. म्हणजे साठ हजारांच्या वस्तूवर एक लाख दहा हजार लावायचे. विमा कंपन्यांचा यावर सरळ नियम आहे. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण गेली असं धरायचं आणि पैसे देऊन मोकळं व्हायचं. आमची गाडी एकही अपघात न होता त्या रेषेपलीकडे गेली होती.

नवऱ्याचा कल बदलण्याकडे होता, आणि उज्जैनमध्ये त्याला वेळही बरी साधली होती. 2024 पासून इथे विक्रम व्यापार मेळा भरतो आणि त्यात नवी गाडी घेतली तर परिवहन करात 50 टक्के सूट मिळते. 2025 च्या मेळ्यातही ती होती. शिवाय जुनी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात दिली तर जे प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खाजगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. उलट जुनी ठेवण्याचा खर्च वाढतच चाललेला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. 2022 मध्ये आम्ही त्याचे 5000 भरले, कारण त्या एप्रिलपासून फी 600 वरून थेट तिथे गेली होती. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती 10,000 झाली. त्यात पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं आहे.

माझ्या लेकीला यातलं काहीच पटत नव्हतं. ती अठराची, नुकतंच लायसन्स मिळालेलं, आणि तिला याच गाडीवर हात बसवायचा होता. तिचा पहिला मुद्दा सचिनचाच. 2002 मध्ये त्याने ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटने त्याला फेरारी 360 मोडेना दिली होती, शूमाकरच्या हातून, सिल्व्हरस्टोनला. तिच्या आयात शुल्कावरून देशभर वाद झाला. 2011 मध्ये ती फेरारी विकली गेली. आणि 2020 मध्ये एका मुलाखतीत तेंडुलकर काय म्हणाला? माझी पहिली मारुती 800 कुणाकडे असेल तर मला कळवा, ती मला परत हवी आहे. "बघ," लेक म्हणाली, "फेरारी गेल्याचं काही नाही, आठशे गेल्याची चुटपुट लागली. तुलाही लागेल."

दुसरा मुद्दा तिने गावावरच आणला. "उज्जैनला राहून जुनं टाकून द्या म्हणतेस? इथे काय दुरुस्त केलेलं नाहीये?" बोलणं खोटं नव्हतं. महाकालाचं मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी. आणि क्षिप्रेकाठची वेधशाळा, जंतरमंतर, सवाई जयसिंगांनी बांधलेली, ती 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली.

या वेधशाळेच्या उदाहरणाने मी खरंच विचारात पडले. जयसिंगांनी पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या: दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा. मथुरेची आज शिल्लकच नाही. दिल्लीची लोक बघायला जातात. उज्जैनची मात्र आजही काम करते. इथल्या यंत्रांवर अजून वेध घेतात आणि 1942 पासून इथून दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांग निघतं. असं का झालं? कारण 1923 ची ती दुरुस्ती चुना-विटांवर थांबली नाही. पंडित नारायणजी व्यास आणि गो. स. आपटे यांनी ती व्हावी म्हणून आग्रह धरला, आणि हेच आपटे पुढे तिचे पहिले अधीक्षक झाले. म्हणजे यंत्रं वापरायची कुणाला आहेत आणि सांभाळायची कुणी आहेत, याचं उत्तर दुरुस्तीआधीच तयार होतं. ते नसतं तर एक डागडुजी केलेली जुनी वास्तू एवढंच राहिलं असतं.

मी हाच प्रश्न आमच्या पॅलिओला लावून पाहिला. ती वापरणार कोण? आईंचं वय एक्याऐंशी, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी इंदूरला जावं लागतं. गाडीची सीट इतकी खाली की आत बसताना मी एका बाजूने आणि नवरा दुसऱ्या बाजूने धरायचं, आणि उतरताना त्या डोळे मिटून घ्यायच्या. लेक चालवेल म्हणते, पण आमच्या गाडीत एअरबॅग नव्हती. 2019 च्या जुलैपासून नव्या गाडीत चालकापुढे तरी ती सक्तीची आहे. नुकतंच शिकलेल्या मुलीला इंदूर रोडवर नेमकी तिच्याविना पाठवायची, हे मला जमणार नव्हतं. आणि सांभाळणार कोण? उस्ताद स्वतःच म्हणाले होते की पॅलिओवर हात चालणारे आता मोजकेच. फियाटच्या नावाने भारतात गाड्या बनणं भारत स्टेज-6 चे नियम यायच्या सुमाराला, म्हणजे 2020 च्या आधीच थांबलं होतं.

मग उरत होती आठवण. आईंचा जीव त्या गाडीत अडकलेला असेल या समजुतीने त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. एका संध्याकाळी, वरणफळं जेवताना, त्यांनीच विषय काढला. "अगं, तुमच्या बाबांची आठवण यायला मला गाडी लागत नाही. मला इंदूरला जायला गाडी लागते. तेवढी बसता येईल अशी घ्या." एवढं बोलून त्यांनी तूप मागितलं. सहा महिन्यांच्या चर्चेत इतकं सरळ कुणीच बोललं नव्हतं.

नवरात्रात आम्ही उंच सीटची, सहा एअरबॅगची गाडी घेतली. मेळ्याची सूट तोवर गेली होती, पण तपासण्या मेळ्यासाठी थांबणार नव्हत्या. आई पहिल्याच दिवशी दाराचं हँडल धरून एकट्या आत बसल्या.

जुनी भंगारात देण्याचं मात्र लेकीने होऊ दिलं नाही, आणि इथे तिचं बरोबर होतं. गाडी आम्हाला उपयोगाची नव्हती म्हणून ती कुणालाच नसेल असं थोडंच आहे? तिने तीन आठवडे शोध घेऊन इंदूरचा एक मुलगा शोधला. पिथमपूरला नोकरी, वय सत्तावीस. त्याच्याकडे आधीच एक 1.6 पॅलिओ होती, पत्रा उत्तम पण इंजिन दमलेलं. आमच्या गाडीचं नेमकं उलट. गंज लागलेला पत्रा सोडून तो आमचं इंजिन आणि आतलं सामान घेणार होता, म्हणजे दोन गाड्यांची मिळून एक. पण आम्हीच म्हटलं, आधी गाडी तुझ्या नावावर, मग बाकीचं. फॉर्म 29 आणि 30 भरून, परिवहन कार्यालयात नोंद होईपर्यंत मी पाठपुरावा सोडला नाही. तरुण वाचकांनी हे लक्षात ठेवावं. विकलेली गाडी कागदावर आपल्याच नावाने राहिली तर उद्याचा दंड आणि अपघाताची नोटीस आपल्याच घरी येते. इंजिन दुसऱ्या गाडीत बसवायचं तर त्याचीही परवानगी आणि नोंद लागते, हे त्या मुलाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

किंमत त्याने बावन्न हजार दिली. लेक दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिला चुटपुट लागली आहे, मलाही आहे, आणि ती राहील. पाच वर्षांनी ती पॅलिओ शोधायला निघाली तर मी अडवणार नाही. निदान कुठे शोधायची ते तरी तिला माहीत आहे.

त्या मुलाने जानेवारीत फोन केला. इंजिन बसलं, कागद झाले, गाडी चालते. त्याच्या गाडीची नोंदणी 2027 मध्ये नवी करावी लागणार आहे आणि दहा हजार तो आत्तापासून बाजूला टाकतो आहे. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "पास झाली की कळव म्हणावं. पेढे मी पाठवीन. आणि घाटात जपून चालव म्हणून सांग."