शून्याच्या जागी पाच

गोंदिया जिल्ह्याची ओळख धानाने आणि राईस मिलने घडली आहे. तिरोडा, आमगाव, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्यांत पिकणारे धान मिलमध्ये भरडले जाते आणि तांदूळ पोत्यांत भरून दूरच्या बाजारांत जातो. या व्यापाराचा जमाखर्च एके काळी गादीवर बसून मुनीम लिहीत असत. आज तो संगणकात असतो. मात्र चुकीच्या आकड्याची भरपाई आजही पेढीच्या नावालाच करावी लागते.

१८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक करून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या तांदळावर, ब्रँड असो वा नसो, ५ टक्के जीएसटी लागू झाला. ५० किलोचे पोते त्यातून वगळलेले राहिले. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये असे दर पुष्कळदा कॉन्फिग फाइल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात. प्रत्येक ओळीत आधी नोंदीचे नाव, मग बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढे आकडा. मिल, गोदाम आणि दोन दुकाने मिळून चार संगणक असतील, तर चार वेळा फाइल उघडण्याऐवजी घरातील शिकलेला मुलगा शेल स्क्रिप्ट लिहितो. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या आज्ञा. त्यांपैकी मजकूर बदलणारी ‘सेड’ ही आज्ञा १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ली मॅकमोहन यांनी घडविली.

ही आज्ञा अतिशय आज्ञाधारक असते आणि धोका तेथेच आहे. समजा, तिला ‘शून्याच्या जागी पाच लिही’ एवढेच सांगितले. लहान पिशवीचा कर ० वरून ५ होईल. पण वगळलेल्या मोठ्या पोत्याचा करही ५ होईल, त्याचे वजन ५० वरून ५५ होईल आणि फाइलीतील २०२२ हे वर्ष २५२२ होईल. संगणक तक्रार करणार नाही. सकाळी दुकान उघडताच निघणाऱ्या प्रत्येक बिलावर ही चूक छापली जाईल आणि ग्राहकाकडून नसलेला कर घेतला जाईल.

म्हणून आज्ञेत आकडा सांगण्याआधी जागा सांगावी: ज्या ओळीचा आरंभ अमुक नावाने होतो, त्याच ओळीतील बरोबरच्या चिन्हापुढची किंमत बदल. अशी आज्ञा चुकून दोनदा चालली तरी उत्तर तेच राहते. उलट, नावापुढे एक जागा मोकळी सुटलेली असेल, तर आज्ञेला ती ओळ सापडत नाही. तरीही ती काम यशस्वी झाल्याप्रमाणे निमूटपणे संपते. तेव्हा जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

जुन्या वहीत चुकलेला आकडा खरवडून काढणे कमीपणाचे मानले जाई. त्यावर रेघ मारून, शेजारी खरा आकडा लिहून सही केली जाई, म्हणजे आधी काय होते ते कोणालाही वाचता येई. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यामागील जाण हीच. ‘सेड’लाही बदलापूर्वीची प्रत राखण्यास सांगता येते. मात्र त्या प्रतीला दरवेळी एकच नाव दिले, तर दुसऱ्या वेळी मूळ प्रत पुसली जाते. प्रतीच्या नावात तारीख आणि वेळ असावी.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी १२ टक्क्यांचा टप्पा जवळजवळ संपला, तेव्हा ‘१२ च्या जागी ५’ हा सरधोपट मार्ग अनेकांना सुचला असेल. तुपाला तो लागू पडला; शाळेच्या वह्यांवरील कर मात्र शून्यावर आला. कोणत्या वस्तूचा दर किती, हे अधिसूचना वाचणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते. त्यानंतर स्क्रिप्ट आधी फाइलीच्या प्रतीवर चालवावी, मग एका संगणकावर, आणि प्रत्येक दुकानातून एक नमुना बिल काढून ते वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून घालावे. संगणक न शिकलेले वडीलही ५५ किलोचे पोते पाहताच थांबतात.