समुद्राकडे जाण्याचा बेत

वैशाखातील दुपार होती. खर्डीच्या परिसरातील माळ उन्हाने पिवळे पडले होते आणि दूरवर माहुलीचे सुळके धुरकट दिसत होते. एका घराच्या पडवीत मात्र समुद्र पसरला होता! तो कागदावरचा होता, इतकेच. गुरुजींकडून मागून आणलेला महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर अंथरलेला होता. वाऱ्याने तो उडू नये म्हणून त्याच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. सातवीत गेलेला मुलगा आणि त्याची धाकटी बहीण त्यावर ओणवे होऊन बसली होती.

मामांची जीप एरवी स्थानकावरून पाड्यांकडे प्रवासी नेत असे. ती या सुट्टीत चार दिवस मोकळी राहणार होती. "कोकणात जाऊ. कुठे जायचे ते मुलांनी ठरवावे," असे मामा म्हणाले आणि मुलाच्या आनंदाला पारावार उरला नाही.

त्याने वहीचे एक कोरे पान उघडले आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे एकेक नाव लिहायला प्रारंभ केला. थळसमोर खांदेरी आणि उंदेरी, अलिबागजवळ कुलाबा, मुरूडजवळ जंजिरा आणि पद्मदुर्ग, हर्णैसमोर सुवर्णदुर्ग. आणि सर्वांत शेवटी, दुहेरी रेघ ओढून, मालवणचा सिंधुदुर्ग. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. चोहीकडे खारट पाणी असूनही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्या विहिरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, हे त्याचे जुने स्वप्न होते.

सायंकाळी वडिलांनी ते पान वाचले. ते रागावले नाहीत; त्यांनी केवळ काही प्रश्न विचारले. "मालवण येथून किती दूर?" मुलाने मोजून सांगितले, "पाचशे किलोमीटरांहून अधिक." "आणि वाटेतल्या खाड्या?" मुलाने नकाशाकडे पाहिले. किनाऱ्याची रेषा जागोजागी आत शिरली होती. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, अशा ठिकाणी गाडीसह बोटीतून पलीकडे जावे लागते, हे त्याने ऐकले होते. बोटीची वाट पाहण्यातही वेळ जातोच. "राब भाजून झाला आहे; पण मृगापूर्वी शेताची बाकीची कामे उरकायची आहेत. आपल्याला मिळणारे दिवस चारच," वडील म्हणाले.

मुलगा हिरमुसला, तरी त्याने हट्ट सोडला नाही. "पहाटे निघू, रात्रीही प्रवास करू. दोन दिवस जाण्याचे, दोन दिवस येण्याचे!"

तेवढ्यात आजी म्हणाली, "तुम्ही सगळे जा. माझे गुडघे एवढा प्रवास सोसायचे नाहीत. मी घर राखते. विहिरीने तळ गाठलाय. टँकर आला तर पाणी भरायला कोणीतरी घरी हवंच."

"पाणी शेजारच्या काकू भरून ठेवतील," आई म्हणाली. मग बहिणीने सहज विचारले, "आजी, तू समुद्र कधी पाहिलास?"

आजी हसली. "मी कुठला पाहणार? आपलं पाणी मात्र रोज तिकडे जातं."

हे बोलणे खरेच होते. तानसा तलावाचे पाणी 1892 सालापासून मुंबईला जात आहे. पुढे वैतरणा आणि भातसा यांचे पाणीही त्याच वाटेने जाऊ लागले. जी मुंबई एकेकाळी सात बेटांची होती, तिची तहान शहापूर तालुक्यातील डोंगरांवर पडणारा पाऊस भागवतो. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या डोंगरांचे पाणी समुद्राकाठी पोहोचले, त्या डोंगरांत सारा जन्म काढलेली आजी मात्र अजून तेथे पोहोचली नव्हती.

त्या रात्री मुलगा कंदिलासारख्या मंद दिव्याखाली पुष्कळ वेळ वही उघडून बसला. शेवटी त्याने रबर घेतले आणि 'सिंधुदुर्ग' हे नाव पुसले. मग सुवर्णदुर्ग पुसले. पहिल्या पानावरचे एकेक नाव कमी होत गेले आणि अलिबाग व मुरूड ही दोनच गावे उरली.

दुसऱ्या दिवशी नवा बेत तयार होऊ लागला. कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, घोडागाडीही मिळते. म्हणजे आजीच्या गुडघ्यांना त्रास नाही! पण ओहोटी केव्हा असेल? मामांनी कोळ्यांकडून ऐकलेली युक्ती सांगितली : तिथीची पाऊणपट करावी, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पाणी ओसरते. बहिणीने लगेच पाऊणकी म्हटली, "चार पाऊण तीन!" चतुर्थीला पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, म्हणून सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. पंचांग पाहून दिवस ठरला. तरीही किनाऱ्यावरच्या माणसांना विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकायचे नाही, असे वडिलांनी वहीत लिहवून घेतले.

राहता राहिला जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडीने तेथे जातात आणि होडी हेलकावत असतानाच पायऱ्यांवर उतरावे लागते. आजीला ते जमणार नव्हते. "आजीजवळ काठावर मी बसेन," मुलगा म्हणाला. कोणी त्याला तसे सांगितले नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी सामानाची यादी झाली. शिदोरी, टोप्या, औषधे, जीपचे जादा चाक. आजीने आपणहून एक रिकामा तांब्या पुढे केला. कुलाबा किल्ल्यातही गोड्या पाण्याचे तळे आहे, हे तिने नातवाकडून ऐकले होते.

"एवढ्या खाऱ्या पाण्यात गोडं पाणी कसं राहतं, ते मला बघायचंय," ती म्हणाली.

मुलाने यादीच्या शेवटी 'तांब्या' असे लिहिले. पहिले पान त्याने फाडले नव्हते. पुसलेल्या नावांचे फिकट ठसे त्यावर अजून दिसत होते. सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ समुद्रात उभा आहे. तो आणखी काही वर्षे वाट पाहू शकेल, असे मनाशी म्हणत त्याने वही मिटली.