आजीची मिसरी आणि नातीची दाढ

त्या दिवशी शाळेतून मी दीडच्या सुमारास घरी आले. पर्स खुंटीला अडकवली आणि पाय धुवायला मोरीशी गेले, तर माझी साडेसात वर्षांची धाकटी लेक आजीच्या शेजारी उकिडवी बसलेली, आणि तिचं बोट काळंकुट्ट! ते बोट गालात घालून ती मागची दाढ घासत होती. माझा हात कधी उठला ते मलाच कळलं नाही. पोरीनं भोकाड पसरलं आणि सासूबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"पोरीची दाढ ठणकत व्हती म्हनून लावली मिसरी. तू तं शाळेत. मी काय करू? आम्ही काय मेलो का मिसरीनं?"

पाच मिनिटांत पोरीला गरगरायला लागलं, मग उलटी झाली. मी तिला लिंबूपाणी देत होते आणि मनातल्या मनात सासूबाईंना नाही नाही ते बोलत होते. पण तुम्हाला खरं सांगू? रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं की पोर गेले पंधरा दिवस मला सांगत होती, "आई, गोड खाल्लं की दाढ दुखते." आणि मी दर वेळी पोळी लाटता लाटता उत्तर दिलं होतं, "दुधाची दाढ आहे गं, पडून जाईल." म्हणजे दुखणं ज्यांनी ऐकून घेतलं त्या सासूबाई, आणि ऐकलं नाही ती मी, बी.ए. झालेली, दुसऱ्यांच्या मुलांना 'दात स्वच्छ ठेवा' शिकवणारी!

ज्या मैत्रिणींना मिसरी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. काही ठिकाणी तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळीशार होईपर्यंत भाजायची, कुटून बारीक करायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची. भाजताना असा काही ठसका लागतो की शेजारच्या घरातही खोकला सुरू होतो. नाव दात घासण्याचं. पण सकाळी एकदा घासून कुणाचं भागतं? जेवण झालं की एकदा, दुपारी धुणी-भांडी आटोपली की एकदा, रात्री एकदा. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जड होतं. ही सारी तलफेची लक्षणं, पण बायकांना वाटतं मिसरी हे त्याचं औषध.

आमचं फैजपूर १९३६ सालच्या काँग्रेस अधिवेशनाचं गाव. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, पंडित नेहरू अध्यक्ष. आमच्या घरातल्या तेव्हाच्या थोरल्या आजी ते बघायला गेल्या होत्या असं सांगतात, आणि कमरेला मिसरीची डबी होती हेही सांगतात! डबी सासूकडून सुनेकडे येत राहिली. माझ्यापाशी थांबली ती काही माझ्या शहाणपणामुळे नाही. मला तो वासच सहन होत नाही एवढंच. तंबाखू घातलेली मंजनं आणि पेस्ट यांच्यावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर बंदी घालायला कोण येणार?

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि धाकटीला घेऊन एस.टी.नं भुसावळला निघाले. तिनं आजीचा हात सोडायला साफ नकार दिला, म्हणून सासूबाईही आल्या. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. सारा वेळ खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत बसल्या होत्या.

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. धाकटीला खुर्चीत बसवून त्यांनी आरसा मलाच दाखवला. "ही दाढ दुधाची नाही, बाई. ही कायमची."

मैत्रिणींनो, हे जरा नीट वाचा, कारण माझ्यासारखी फसगत तुमचीही होईल. मुलाला सहावं वर्ष लागलं-सरलं की दुधाच्या दाढांच्या मागे, अगदी शेवटी, वर-खाली, डावी-उजवीकडे अशा चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्या जागी आधी काही नसतंच, त्यामुळे कुठला दात पडत नाही, रक्त येत नाही, आणि आईला पत्ताच लागत नाही. पुढचे दात पडण्याच्या कौतुकात आपण असतो. या दाढा जन्मभर चावायच्या असतात, आणि किडतात बहुधा याच आधी. कारण माथ्यावर खोल खाचा, ब्रश पोचत नाही, आणि मूल ज्या बाजूला आळस करतं ती हीच बाजू. आमच्याकडे तर केळीचे वेफर्स! ते तोंडात विरघळत नाहीत, त्या खाचांत लुगदी होऊन तासन् तास बसतात. साखरेच्या गोळीइतकाच त्रास त्यांचा.

धाकटीची खालची उजवी दाढ किडली होती. सुदैवानं कीड आतल्या नसेपर्यंत गेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ती साफ करून दाढ भरली. आणि मग उरलेल्या तीन चांगल्या दाढांचं जे केलं ते मला फारच आवडलं. दाढ घासून कोरडी केली, खाचांवर एक औषध लावून धुतलं, मग पातळ लेपासारखं काहीतरी त्या खाचांत सोडलं आणि निळा प्रकाश टाकून घट्ट केलं. त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, यंत्राची घरघर नाही. गच्चीवरच्या भेगा पावसाळ्यापूर्वी आपण बुजवतो ना, तसंच ते. धाकटी तर पाय हलवत गुणगुणत होती. वर सगळ्या दातांना फ्लोराइडचं व्हार्निश ब्रशनं लावून दिलं, आणि त्या दिवसापुरतं कडक, कुरकुरीत काही द्यायचं नाही, असं बजावलं. हे व्हार्निश काही महिन्यांनी पुन्हा लावून घ्यायचं असतं.

खर्चाचं विचाराल तर तीन दाढांच्या लेपाला जे लागलं, ते एका दाढेच्या रूट कॅनालपेक्षा पुष्कळच कमी. मी भाजी घेताना कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारी बाई आहे, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा.

शाळेची आणखी एक गोष्ट कबूल करून टाकते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथकं शाळांत येऊन मुलं तपासतात, दातही बघतात. मुलांची रांग लावायचं काम माझ्याकडेच असतं. 'दात किडले आहेत' अशी नोंद झालेल्या मुलांच्या आयांना मी स्वतः बोलावून सांगितलं आहे. माझ्या पोरीच्या दप्तरात तशीच चिठ्ठी आली, तेव्हा ती मी फ्रिजला चिकटवली आणि विसरले.

तर आता सासूबाईंकडे वळते. धाकटी प्रथम तोंड उघडेना, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी आजी दाखवतील, मग तू." आजी नातीसाठी काय करत नाही! खुर्चीत बसल्या, पदर सावरला, आ केला. "माह्ये दात लोखंडाचे आहे," असंही सांगून झालं. आणि खरंच, दात काळे पण घट्ट होते. डॉक्टरीणबाईंनी खालचा ओठ हलकेच बाहेर ओढला आणि गप्प झाल्या. मलाही जवळ बोलावलं. ओठाच्या आत, जिथं मिसरीचं बोट टेकतं तिथं, रुपयाएवढा पांढुरका, सुरकुतलेला डाग होता.

"दुखतं का, आजी?"

"नाही बा."

"तेच वाईट. दुखलं असतं तर लवकर आला असता."

तंबाखूनं असे डाग पडतात. बरेचसे तंबाखू सोडली की विरतात, पण काहींचा पुढे कर्करोग होतो, आणि नुसतं बघून दोन्हीतला फरक सांगता येत नाही. मिसरी बंद करून दोन आठवड्यांनी या, असं त्यांनी सांगितलं. परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी माझा हात धरला. लग्नाला अकरा वर्षं झाली माझ्या. असा हात त्यांनी पहिल्यांदाच धरला असेल.

मिसरी सुटली का? लगेच कुठली! डबी मी कपाटात ठेवली, तर दुसरी पिठाच्या डब्यामागे निघाली. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, पोटाची तक्रार तर रोजचीच. मी भाजलेली बडीशेप आणि ओवा करून दिला, रात्री कोमट पाणी, जेवणात पालेभाजी वाढवली. ह्यांनी तंबाखू सोडण्यासाठी सरकारनं ठेवलेला फुकटचा फोन लावून दिला, १८००-११-२३५६. आईशी जे बोलायला मुलाला लाज वाटते, ते परकं माणूस नीट बोलतं. तरीही पुढच्या खेपेला डाग होता तसाच. मग तिथला इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सासूबाईंनी बांगड्या कोणत्या नातीला, हेसुद्धा सांगून ठेवलं.

निकाल चांगला आला. कर्करोग नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं आणि मिसरीला हात लावायचा नाही. त्या दिवशी सासूबाईंनी आपण होऊन डबी उकिरड्यावर फेकली. मधे एका लग्नात बायकांच्या घोळक्यात त्यांनी चिमूटभर घेतली, हे मला माहीत आहे. मी काही बोलले नाही.

तुमच्या घरी कुणी मिसरी लावत असेल, तर उजेडात त्यांचे ओठ, गाल, जीभ उलटून बघा. पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं जखमेचं ठिकाण, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर 'बघू पुढे' म्हणू नका. आणि घरात गरोदर सून मिसरी लावत असेल तर फारच जपा. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर बायकांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू तोंडात घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमनी कमी वजनाची निघाली.

घरात आता थोडे नियम झालेत. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. सकाळचा एक वेळ उशिरा झाला तर चालेल. पेस्ट फ्लोराइडची, मुलांना वाटाण्याएवढी, तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. (जाहिरातीत ब्रशभर लांब नागमोडी पेस्ट दाखवतात ती कंपनीच्या सोयीची!) थुंकायची, पण खळाखळा चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे औषध दातांवर राहतं. धाकटीचा ब्रश शेवटी मी फिरवते, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात मागे पोचत नाही. विटकरीची भुकटी, राख, खरखरीत मंजन बंद. आणि जिथं पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, जसं यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत, तिथल्या मैत्रिणींनी पाण्याची तपासणी आधी करून घ्यावी. तिथं मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात ते निराळ्या कारणानं.

एक राहिलंच. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि तुमचे?" माझ्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं. गेली कित्येक वर्षं येतंय, धाकटीच्या वेळच्या दिवसांपासून तर जरा जास्तच. मी त्या जागी ब्रश लावायचं सोडून दिलं होतं, आणि ती चूकच. घाण साठली की रक्त अधिक. दातांना कीटण धरलंय, साफ करून घ्यायला हवं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, साफ केल्यावर दात हलतात म्हणे? त्या हसल्या. हिरडी आधीच सैल झालेली असते, कीटणानं ती झाकलेली असते इतकंच. नंतर काही दिवस थंड लागलं तर घाबरायचं नाही. मधुमेह असेल तर हिरड्यांची काळजी दुप्पट, कारण दोन्ही रोग एकमेकांना वाढवतात.

मी म्हणाले, परीक्षा आटोपल्या की येते. सासूबाई मधेच बोलल्या, "परीक्षा कधी आटपतीन तुझ्या? मंगळवारी दोनच तास असते ना तुले?"

तेव्हा येत्या मंगळवारी माझी पाळी आहे. धाकटी म्हणते, ती पण येणार, आईनं नीट आ केला की नाही ते बघायला.