पंधरापैकी पंधरा

यांच्या डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ आम्हाला अजून नडते आहे. ‘जीसीएस १५/१५’. घरी आणलं त्या दिवशी दिराने ते वाचून चाळीत पेढे वाटले. पैकीच्या पैकी मार्क, मलाही तसंच वाटलं. पुढे जिथे जिथे कागद घेऊन गेले, तिथे समोरच्याने बोट ठेवलं ते याच ओळीवर. ‘‘बाई, पेशंट पूर्ण बरा आहे. तुम्हाला आणखी काय हवंय?’’

अपघात २०२१चा. रात्री साकीनाक्याच्या सिग्नलला, मेट्रोच्या खांबांखाली, टेम्पोने उडवलं. हे दुचाकीवर मागे बसले होते. पुढच्या मित्राच्या डोक्यावर हेल्मेट होतं, यांच्या नव्हतं. मागे बसणाऱ्यांवरची कारवाई मुंबईत सुरू झाली ती जून २०२२ मध्ये. एका रिक्षावाल्याने उचलून नेलं आणि नावही न सांगता गेला. ऑपरेशन, आयसीयू, सगळं झालं, वाचले. ज्या डॉक्टरांनी वाचवलं त्यांच्याबद्दल मी वावगं अक्षर बोलणार नाही.

हे खैरानी रोडच्या एका गाळ्यात टर्नर. लग्नाच्या आधीपासून लेथवर. काही महिन्यांनी शेठनी परत बोलावलं. डबा घेऊन गेले तेव्हा मी दारातच थांबले. यांनी जॉबला व्हर्नियर लावला, माप बरोबर वाचलं, तोंडाने म्हटलंही. मशीनच्या हँडलकडे वळले आणि तसेच उभे राहिले. पुन्हा व्हर्नियर लावला, पुन्हा वाचलं, पुन्हा वळले, पुन्हा थांबले. हाताचं कसब जागच्या जागी, पण मान वळेपर्यंत आकडा डोक्यातून गेलेला. शेजारच्या पोराने चांगल्या मनाने मशीनवर खडूने माप लिहून दिलं, तर हे इतके भडकले की हातातला पाना भिरकावला. या माणसाने घरात कधी आवाज चढवला नव्हता. शेठनी थोडे दिवस सांभाळून घेतलं, मग हात जोडले. त्यांना मी दोष देत नाही. फिरत्या चकासमोर अशा माणसाला कोण उभं करील?

मग दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लागलो. आधी हाडांचा विभाग. हात वर करा, पाय उचला, माझं बोट घट्ट दाबा. ताकद पूर्ण. तिथून मानसोपचार विभाग. तिथे म्हणाले, हे मनोरुग्ण नाहीत, मेंदूच्या विभागात जा. मेंदूच्या विभागात म्हणाले, स्कॅन आता चांगला आहे. शेवटी बोर्ड. नाव काय? सांगितलं. राहता कुठे? पिनकोडसकट सांगितलं. आज वार कोणता? बरोबर. पंतप्रधान कोण? बरोबर. वर हसून यांनीच विचारलं, ‘‘साहेब, चहा झाला का?’’ सगळे हसले आणि तपासणी आटोपली.

मी सांगू लागले. गॅस पेटता ठेवून खाली निघून जातात. अनोळखी माणसाच्या हातात पैसे देऊन आले. दुपारनंतर डोकं चालतच नाही, बसल्या जागी मिटून जातात. परवा मुलीच्या अंगावर धावून गेले. तर मला म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही बाहेर थांबा, पेशंटला बोलू द्या.’’ पेशंट काय बोलणार? ‘‘मी ठीक आहे.’’ हे खोटं बोलत नव्हते. आपलं काही बिघडलंय हे ज्याने कळायचं तेच दुखावलंय. पुष्कळ रुग्णांचं असं होतं, हे मला फार उशिरा कळलं. बंद दाराच्या खोलीत एक माणूस एका वेळी एकच प्रश्न विचारतो, तिथे हे पहिल्यासारखेच असतात. घरी कुकरची शिट्टी, टीव्ही आणि दारात दूधवाला एकदम आला की बघा. पण बोर्ड घरी येत नाही. टक्केवारी चाळिसाच्या खाली लागली. चाळीस टक्क्यांच्या खालचा कागद बहुतेक योजनांना चालत नाही, म्हणजे फायलीत ठेवण्यापुरता. हे मला आजही गिळवत नाही.

हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथल्या एका थेरपिस्ट मुलीने मला त्या पंधरा मार्कांचा अर्थ समजावला. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ही मोजपट्टी काढली. डोळे उघडण्याचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. पूर्ण बेशुद्ध माणसालाही तीन मिळतात. पेशंट किती शुद्धीवर आहे, एवढंच ती सांगते. आठवण, राग, थकवा, आपणहून काम हाती घेणं यांचा त्यात संबंध नाही. जेनेट यांनीच पुढच्या वर्षी मायकेल बाँड यांच्याबरोबर दुसरी मोजपट्टी केली, ती इजेनंतर माणूस कसा जगतो ते पाहणारी. आमच्या कार्डावर ती कुणी लिहिली नाही.

कायद्याचंही तसंच. २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्स नावानिशी आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, डोक्याला मार लागून झालेल्या इजेचं नाव नाही. आमच्यासारख्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी रकान्यात शिरावं लागतं. त्याच कायद्याच्या परिशिष्टात केंद्र सरकारला अधिसूचना काढून नवा प्रकार घालता येतो, त्यासाठी संसदेत जायला नको. मग अडलंय कुठे?

माणसं थोडी आहेत म्हणून म्हणावं, तर तसंही नाही. बंगळुरूच्या निम्हान्सचे डॉ. गुरुराज यांनी कितीतरी वर्षांपूर्वी मांडून ठेवलंय की अशा इजांपैकी साधारण ६० टक्के रस्त्यावर होतात. २००५ मध्ये जोधपूरच्या गजसिंहांचा मुलगा पोलो खेळताना पडला, तेव्हा राजघराण्यालाही पुढच्या उपचारांची हीच वानवा दिसली आणि २००७ मध्ये त्यांनी इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन काढलं. आपल्या मुंबईत सायन आणि केईएमच्या जखमींची नोंद २०१३ ते २०१५ मध्ये झाली. दिल्ली आणि कोलकाता धरून १६ हजारांवर रुग्ण. फार मोलाचं काम, कारण रुग्णालयात कोण का दगावतं ते त्यातून कळलं. पण जो वाचून घरी गेला, त्याचं वर्षभराने काय झालं? सरकारने मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस योजना आणली, दीड लाखापर्यंत, सात दिवस. सात दिवसांत हे डोळेसुद्धा नीट उघडत नव्हते.

ओपीडीत ज्या बायका भेटतात त्यांना मी आता सांगते. पहिल्या दिवसापासून वही ठेवा, तारीख घालून. बोर्डाआधी न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी मागा, लेखी. अपघाताच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, आणि मेंदूचं खरं नुकसान दिसायलाच तेवढे महिने जातात, तेव्हा थांबू नका. तडजोडीच्या कागदावर घाईने सही करू नका. राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शरीर किती टक्के निकामी झालं आणि कमाई किती टक्के गेली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डावा हात गेला तर सुताराची कमाई जाते, कारकुनाची तेवढी जात नाही. टर्नरच्या डोक्यात आकडा टिकत नसेल तर त्याचं काय गेलं, हे वकिलाकडून वदवून घ्या.

हे सगळं मी ठामपणे सांगते, पण माझं मलाच कळत नाही. अर्जात मी यांचं वाईटात वाईट लिहिते, आणि संध्याकाळी दीर ‘‘वहिनी, याच्याने आता काही व्हायचं नाही’’ म्हणाला की त्याच्याशी भांडते. बोर्डाने त्या दिवशी साठ टक्के दिले असते तर मी जिन्यातच रडत बसले असते.

आता कलम ५९ खाली अपील केलंय. दावाही चालू आहे. आणि मधेच शेठनी निरोप पाठवला, बसून जॉबच्या कडांचे बर घासायचं काम आहे, सकाळचे तीन तास, मशीनपासून लांब. हे खूश आहेत, आदल्या रात्रीच शर्ट काढून ठेवतात. वकील म्हणतात, निकाल लागेपर्यंत पाठवू नका, विमा कंपनी म्हणेल माणूस कमावतोय. मी पाठवते आहे.