फुगडीची जोड

दांडिया बाजारातल्या मावशीच्या घरात एक शब्द ठरलेला आहे: ‘रूममेट’. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, सॅन फ्रान्सिस्कोजवळ ओकलंडला राहते, गेली नऊ वर्षं एकाच बाईबरोबर. दोघींनी मिळून घर घेतलं, कुत्रा पाळला, तरी वडोदऱ्यात ती आपली ताईची रूममेट. मीसुद्धा तेच म्हणायचे. सोपं पडायचं.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने तिकडे गेले, तेव्हा त्या दोघी मला नाचाच्या क्लासला घेऊन गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात, चोविसाव्या रस्त्यावर ‘डान्स मिशन थिएटर’ आहे, तिथे. सात वर्षं भरतनाट्यम शिकलेली मी, म्हटलं, जमेल. नाही जमलं. समोरचीची मनगटं धरून मागे झुकायचं आणि सगळं वजन तिच्यावर सोडायचं, एवढंच होतं. मी अर्धं वजन स्वतःकडेच राखून ठेवत होते. ताईची जोडीदार म्हणाली, “सोड, मी धरलंय.” सोडलं तेव्हा कळलं, अरे, ही तर फुगडी!

ही जागा चालवते ‘डान्स ब्रिगेड’ ही बायकांची नृत्यसंस्था. तिची गोष्ट ताईने परतीच्या गाडीत सांगितली. 1975 मध्ये ऑरेगॉन राज्यातल्या युजीन गावी काही तरुणींनी नाचाचा गट काढला, नाव ‘वॉलफ्लॉवर ऑर्डर’. पार्टीत जिला कुणी नाचायला बोलवत नाही, जी भिंतीला टेकून उभी राहते, ती वॉलफ्लॉवर. आणि ऑर्डर म्हणजे जणू संन्याशांचा पंथ. भिंतीकडेच्या बायकांचा पंथ! गटात कुणी एक दिग्दर्शक नाही, निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे. नाचात कराटेसारख्या युद्धकला, मूकबधिरांची खुणांची भाषा, विनोद, सगळं आलं. सगळ्याच जणी लेस्बियन होत्या असं नाही, पण त्या काळच्या लेस्बियन स्त्रीवादी चळवळीत हा गट वाढला आणि तिथल्या बायकांनी त्याला आपला मानला. पुढे गट फुटला. 1984 मध्ये त्यातल्याच क्रिसी कीफर आणि नीना फिक्टर यांनी डान्स ब्रिगेड उभी केली. नाताळात तिकडे घरोघरची मुलं ‘नटक्रॅकर’ बॅले बघायला जातात. यांनी त्याचीही टिंगल करणारा आपला वेगळा प्रयोग केला.

आता कुणी म्हणेल, त्यात काय, मंगळागौरीत आपल्या बायकाही रात्रभर एकमेकींबरोबर नाचतातच की. मीही ताईला तसंच म्हणाले. ती हसली. “पण सकाळी सगळ्या आपापल्या नवऱ्याकडे जातात ना?” तिच्या शेजारी गाडी चालवत बसलेली तिची जोडीदार. मला उत्तर सुचलं नाही. त्या गटातल्या बायका ज्या बाईबरोबर राहायच्या, तिचं नातं लपवून नाचत नव्हत्या. फरक तेवढाच, आणि तो लहान नाही.

या श्रावणात दोघी येणार आहेत. आमच्या मंडळाची मंगळागौर आहे आणि यादी माझ्याकडे. फुगडीच्या जोड्यांत मी दोघींची नावं शेजारी शेजारी लिहिली आणि कागद मावशीला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. “बायका विचारतील,” म्हणाली.

“काय सांगशील?”

ती काहीच बोलली नाही. कागद घडी करून फ्रीजवरच्या डब्याखाली ठेवला आणि भाजी निवडायला बसली. काल रात्री साडेदहाला तिचा फोन आला. म्हटलं, आता नाव खोडायला सांगणार.

“तिची उंची किती गं? नऊवारी शिवून घ्यावी लागेल, तिला नेसता कुठे येणार.”

मी ताईकडून मापं मागवली आहेत.