करडे मेघ आणि पायपेटी

फ्रांझ लिस्टचे नाव घेताच जी मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते, ती हंगेरियन ऱ्हाप्सोडींच्या दिमाखाची आणि विद्युद्वेगी बोटांची असते. परंतु उतारवयात याच लिस्टने ज्या अल्पाक्षरी पियानोरचना लिहून ठेवल्या, आणि ज्यांतील कित्येक त्याच्या हयातीत छापल्याही गेल्या नाहीत, त्यांच्याशी अर्धापुरात भजनाला पेटीची साथ करणाऱ्या माझ्यासारख्या मनुष्याचे सख्य जडले, यात मला काहीच विपरीत वाटत नाही.

त्यांतली माझी सर्वांत आवडती म्हणजे ‘करडे मेघ’. १८८१ च्या जुलैत लिस्ट वायमार येथे जिन्यावरून पडला, आणि त्याच ऑगस्टात ही दोन-तीन मिनिटांची रचना त्याने लिहिली. (हार्मोनियमच्या स्वतंत्र वादनाला ज्यांनी आपल्याकडे प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या गोविंदराव टेंब्यांचा जन्मही त्याच वर्षीचा.) ही रचना मी पेटीवर वाजवतो. तिला दोन्ही हात लागतात, पण हातपेटीवर डावा हात भात्याला जखडलेला असतो, म्हणून या रचनेसाठी पायपेटीच हवी, जी एके काळी संगीत नाटकांची मिरास होती. पियानोचा स्वर आघात होताक्षणीच क्षीण होऊ लागतो. त्याला जिवंत ठेवण्यासाठी लिस्टने खर्जात अखंड कंप लिहिला आहे. पेटीचा सूर मात्र वारा असेतो टिकतो, त्यामुळे तो कंप सोडून मी खर्ज नुसता धरून ठेवतो. खर्जाचे सूर मोठे, वारा अधिक खाणारे आणि किंचित उशिरा बोलणारे. यास्तव ती पट्टी क्षणभर आधी दाबावी लागते, आणि पायाचा दाब इतका बेताचा ठेवावा लागतो की वरची एकाकी ओळ त्या घोषात बुडू नये. या रचनेतले सारे कसब पायात आहे.

पियानोची रचना पेटीवर वाजवण्याची ही मुभा मी अनधिकाराने घेतली, असे कोणी म्हणू नये. नात डॅनिएला हिच्यासाठी लिस्टने रचलेल्या ‘नाताळचे झाड’ या मालिकेतील आरंभीच्या काही रचना पियानो अथवा हार्मोनियम, कशावरही वाजवाव्यात असे त्यानेच नमूद केले आहे. आणि पियानो व हार्मोनियम यांचा संयोग असलेले एक वाद्य पॅरिसच्या कारागिरांनी त्याच्याकरिता घडविले होते.

पांढरी पाच षड्ज धरला, तर ‘करडे मेघ’च्या प्रारंभी कोमल गंधार आणि पंचमाला लगटलेला तीव्र मध्यम ऐकू येतो, आणि माझे शिष्य तत्काळ ‘मधुवंती’ म्हणून मोकळे होतात. त्या रागाचे नाव मी त्यांना घेऊ देत नाही. पुढे वरची ओळ अर्ध्या अर्ध्या स्वराने चढू लागते, तेव्हा षड्जाचीच ग्वाही उरत नाही, आणि अखेरचा स्वरसमूह षड्जावर विसावत नाही; रागाच्या कायद्यात हा मामला बसवू पाहणे म्हणजे लिस्टने जाणीवपूर्वक मोकळे ठेवलेले दार बंद करणे होय.

पियानोवर तो अखेरचा स्वरसमूह आपोआप विरतो. पेटीवर तो केव्हा संपवायचा हे वादकानेच ठरवायचे, आणि या निर्णयाची जबाबदारी पेलण्यास बराच व्यासंग लागतो. म्हणून शिष्यांना मी आधी ‘नाताळचे झाड’मधील मेंढपाळांची रचना देतो. दादऱ्याच्या जवळ जाणारा तिचा झोका आमच्या भजनी मंडळातील मुलांच्या अंगात लवकर भिनतो, आणि दोन्ही हात पट्ट्यांवर असताना पायाने श्वास राखण्याची सवय जडली, म्हणजे मगच ‘करडे मेघ’चा कागद त्यांच्यापुढे ठेवतो.